सरकारी हायस्कूलमधला प्रवेश: कागद नेमका कुठे अडतो

गोव्यातली बायणा, मांगोर हिल, पर्वरी, फातोर्डा, कुठलीही वस्ती घ्या. जून उजाडला की बाहेरच्या राज्यांतून आलेले पालक मुलाला घेऊन हायस्कूलच्या ऑफिसात हजर होतात. गावाकडची सवय तशीच असते. पण २०२५ साली गोव्यात सहावी ते दहावीचे वर्ग ७ एप्रिललाच सुरू झाले. तेव्हा जूनची वाट पाहू नका, मार्चमध्येच शाळेत जाऊन विचारा.

फॉर्म शाळेतच मिळतो. फोटो, मागच्या वर्षाचा निकाल, पत्त्याचा पुरावा, हे बहुतेकांकडे असतं. खरी गाडी अडते ती दाखल्यावर, म्हणजे जुन्या शाळेच्या टीसीवर. बेळगाव-खानापूरकडून किंवा सावंतवाडी-दोडामार्गहून आलेल्या मुलांच्या टीसीवर तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागतात. ती नाही म्हणून मूल घरी बसतं. इथे कायदा माहीत हवा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ सांगतं की टीसी यायला उशीर झाला, एवढ्यावरून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. वयाचा पुरावा नसला तरी कलम १४ तेच म्हणतं. मात्र हे संरक्षण ६ ते १४ वर्षांच्या मुलांना, आठवीपर्यंतच. नववीत यायचं असेल तर गाव सोडण्याआधी टीसीवर सही-शिक्का घेऊनच निघा. नंतर त्या एका सहीसाठी मजुरी बुडवून एसटीने परत जावं लागतं.

टीसी हातात आली तरी यूडायस या विद्यार्थ्यांच्या नोंदीच्या सरकारी पोर्टलवर जुन्या शाळेने मुलाला सोडलेलं असायला हवं. नाहीतर नव्या शाळेत ऑनलाइन नोंद होत नाही. टीसी घेतानाच पेन नंबर, म्हणजे त्या पोर्टलवरचा मुलाचा कायमचा नंबर, लिहून मागा.

दुसरा फास जन्मदाखल्याचा. कित्येक दाखल्यांवर आई-वडिलांचं नाव, तारीख, हॉस्पिटल सगळं असतं आणि बाळाच्या नावाची जागा कोरी! नोंदणीपासून १५ वर्षांपर्यंत ते नाव भरता येतं, जिथे जन्माची नोंद झाली तिथेच. त्यासाठी एजंटला पैसे मोजू नका. दाखल्यावर ‘विठ्ठल’ आणि आधारवर ‘विठल’ असं असेल तर तेही आत्ताच निस्तरा. दहावीच्या बोर्डाच्या फॉर्मपर्यंत ढकललं तर गुंता वाढतो.

आधार नाही म्हणून कुणी परत पाठवलं तर सप्टेंबर २०१८च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा हवाला द्या. शाळाप्रवेशाला आधारची सक्ती नाही.

आणि हो, मामलेदार ऑफिसातून पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला आणायला धावू नका. तो सरकारी नोकरीसाठी लागतो, सहावीसाठी नाही. तरी रांगेत उभे असलेले पालक दिसतातच, कारण शेजारच्याने सांगितलेलं असतं. भाडेकरूंची अडचण वेगळी. घरमालक लिहून द्यायला तयार नसतो. अशा वेळी पोलिसांत भरलेल्या भाडेकरू पडताळणी फॉर्मची प्रत शाळेला दाखवून बघा.

इतकं करूनही ‘नंतर या’ म्हणाले तर वाद घालू नका. अर्ज लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का घ्या. ती प्रत घेऊन भाग शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. तोंडी नकाराची तक्रार तिथे कोणी लिहून घेत नाही.