अफवेचा पाढा

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. मंगळवेढ्याकडून भिक्षुकीसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ‘पोरं पळवणारी टोळी’ समजून जमावानं ठार मारलं. त्यांनी कुणाचंही मूल पळवलेलं नव्हतं. मोबाइलवरची अफवा मात्र त्यांच्या आधीच गावात पोचली होती.

‘आदिवासी भाग, अडाणी माणसं’ असं म्हणून आपण खान्देशातले शहाणे मोकळे होतो. पण अफवा शिक्षणावर चालत नाही, गुणाकारावर चालते. समजा, मेसेज मिळालेला प्रत्येकजण तो सरासरी १.२ नव्या माणसांपर्यंत पोचवतो. १०० जणांपासून सुरुवात केली, तर विसाव्या फेरीत सुमारे ३,८०० जण. सरासरी ०.८ असेल, तर विसाव्या फेरीत जेमतेम एक. गणिताच्या भाषेत १०० × १.२²⁰ आणि १०० × ०.८²⁰. साथीच्या रोगाचं गणितही हेच. म्हणजे अफवा मारायला सगळं गाव शहाणं व्हावं लागत नाही, आकडा एकच्या खाली आला की ती आपोआप विझते. व्हॉट्सॲपनं जुलै २०१८ मध्ये भारतात मेसेज पुढे पाठवायला एका वेळी पाचच चॅटची मर्यादा घातली ती म्हणूनच. अर्थात, त्या वेळी एका ग्रुपात २५६ माणसं मावत. पाच ग्रुप म्हणजे १,२८०!

(संतोषीमातेच्या नावानं पोस्टकार्डं यायची, ‘इतक्या जणांना पाठवा, नाहीतर अरिष्ट येईल’. तिथं निदान पोस्टकार्डाला पैसे पडत.)

आकडा वर कशानं चढतो? ट्विटरवरच्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा अभ्यास २०१८ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्के जास्त निघाली. खोट्यात नवलाई होती, किळस होती. आणि हे काम यंत्रांपेक्षा माणसांचंच होतं.

आता कापूस घ्या. भाव का पडला, याचं उत्तर जागतिक बाजार, सरकीचे दर, ऑगस्ट २०२५ मध्ये काही महिन्यांसाठी माफ झालेलं ११ टक्के आयात शुल्क असं लांबलचक आहे. ते ०.८ वालं. ‘अमक्या जातीमुळे, तमक्या धर्मामुळे आपलं वाटोळं झालं’ हे १.२ वालं. निवडणुकीत हा हिशेब पुढाऱ्याला आपल्याआधी कळतो. मग प्रचारसभेत तो अमक्या-तमक्यांवर तासभर बोलतो, टाळ्या घेतो, आणि शुल्क कुणी माफ केलं हे विचारायचं जिनिंग मिलच्या (कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या) दारात ट्रॅक्टर लावून बसलेल्या शेतकऱ्याच्याही डोक्यात येत नाही.