प्रतिदीप्त रासायनिक शोधके

ठरावीक आयन किंवा लहान रेणू भेटताच ज्यांची दीप्ती वाढते, विझते किंवा रंग बदलते अशी संयुगे. प्रयोगशाळेत त्यांना ‘फ्लुओरेसंट प्रोब’ म्हणतात.

शोधकात आयनाला धरणारा ग्राहक आणि अतिनील प्रकाश शोषून दृश्य प्रकाश देणारा फ्लुओरोफोर असे दोन भाग असतात. पुष्कळ शोधकांत ग्राहकातल्या नायट्रोजनचे इलेक्ट्रॉन फ्लुओरोफोरकडे जातात आणि दीप्ती दबलेली राहते. धातूचा आयन ग्राहकात बसला की ते इलेक्ट्रॉन अडकतात आणि द्रावण उजळते. मोरिन हे वनस्पतिजन्य द्रव्य अॅल्युमिनियमसोबत हिरवे चमकते, हे १८६७ मध्येच नोंदले गेले. जिवंत पेशीतले कॅल्शियम मोजणारे ‘फ्युरा-२’ रसायनशास्त्रज्ञ रॉजर त्सिएन यांच्या गटाने १९८५ मध्ये प्रसिद्ध केले. दोन तरंगलांबींवरच्या दीप्तीचे गुणोत्तर घेतल्याने पेशीत शोधक किती शिरले याचा मापनावर फारसा परिणाम होत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू.

मराठवाड्यात हा विषय थेट पिण्याच्या पाण्याशी येऊन भिडतो. प्रदेशाचा बहुतांश भाग बेसाल्टचा. पण नांदेड जिल्ह्यात किनवटसारख्या भागात बेसाल्टहून प्राचीन खडक आहेत आणि तिथल्या भूजलात फ्लोराइड जास्त आढळते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालते. त्याहून जास्त फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की दातांवर डाग पडतात, हाडे आखडतात. दुर्दैवाने फ्लोराइड पाण्याच्या रेणूंना घट्ट चिकटून असते. म्हणून अॅसिटोनायट्राइल या सेंद्रिय द्रावकात झळकणारी कितीतरी शोधके पाण्यात गप्प राहतात. सिलिकॉन-ऑक्सिजन बंध फ्लोराइडकडून तोडवून घेणारी शोधके ही अडचण काही अंशी ओलांडतात, पण ती सहसा सावकाश चालतात आणि एकदाच वापरता येतात. त्यामुळे बोअरचे पाणी तपासायला आजही आयन-निवडक इलेक्ट्रोड किंवा झिर्कोनियम-रंगद्रव्याची पद्धतच वापरतात.

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतची हळद प्रसिद्ध आहे. हळदीतले कर्क्युमिन स्वतःच प्रतिदीप्त असून धातू आणि बोरॉन यांना धरते, म्हणून ते शोधकांसाठी आकर्षक कच्चा माल ठरते. मात्र ते पाण्यात जेमतेम विरघळते आणि अल्कधर्मी पाण्यात लवकर विघटते. बेसाल्टमधले भूजल बहुधा बायकार्बोनेटयुक्त, किंचित अल्कधर्मीच असते. म्हणून अशा शोधकाची चाचणी शुद्ध पाण्यात घेऊन भागत नाही, कॅल्शियम-मॅग्नेशियमने जड झालेल्या विहिरीच्या पाण्यातच ती घ्यावी लागते.