व्हिएन्नातले राजवाडे बघणं

व्हिएन्ना म्हणजे ऑस्ट्रियाची राजधानी. 1918 पर्यंत हॅब्सबर्ग घराण्याची गादी इथे होती, म्हणून शहरात राजवाडे भरपूर, पण बाहेरून आलेली माणसं मुख्यतः तीन ठिकाणी जातात, हॉफबुर्ग, शोनब्रुन आणि बेल्वेडेर. हे तिन्ही वेगवेगळ्या कामासाठी बांधले होते एवढं आधी डोक्यात असलं की बघायला खरंच मजा येते, नाहीतर सोनेरी नक्षी आणि झुंबरं बघून तिसऱ्या-चौथ्या खोलीतच डोळे थकतात आणि सगळं सारखंच दिसायला लागतं. हॉफबुर्ग हे ऐन शहरातलं घर आणि कचेरी, शोनब्रुन उन्हाळ्यात राहायची जागा, आणि बेल्वेडेर तर राजाने बांधलेलाच नाही, तो एका सेनापतीचा.

हॉफबुर्गची सुरुवात 13व्या शतकातल्या एका किल्ल्यापासून झाली. पुढे जो गादीवर आला त्याने आपल्या सोयीने काहीतरी जोडत नेलं, त्यामुळे हा एक वाडा नसून चौक, कमानी, दालनं यांचं अख्खं गावच झालंय. लाल-काळा-सोनेरी स्विस दरवाजा 1552 चा आहे तर नॉय बुर्ग नावाचा भाग 20व्या शतकात येऊन पोचतो. आज इथेच राष्ट्राध्यक्षांचं ऑफिस आहे, राष्ट्रीय ग्रंथालयाचा जुना भव्य हॉल आहे, पांढऱ्या लिपिझानर घोड्यांची शाळा आहे, आणि या बऱ्याच गोष्टींची तिकिटं वेगवेगळी असतात, म्हणून हॉफबुर्गचं तिकीट काढायचं म्हणजे नेमकं कशाचं हे आधी ठरवून जावं. जुना शाही मुकुट बघायचा असेल तर खजिन्याचं तिकीट, राहत्या खोल्या बघायच्या असतील तर फ्रान्झ जोसेफच्या दालनांचं. मला स्वतःला ह्या खोल्या मुकुटापेक्षा जास्त आवडतात. 1848 ते 1916 असं 68 वर्षं राज्य केलेला हा सम्राट साध्या लोखंडी पलंगावर झोपायचा, भल्या पहाटे उठून कागद बघायला बसायचा, आणि अर्ज घेऊन आलेल्या लोकांना उंच टेबलापाशी उभा राहून भेटायचा, ती खोली आणि ते टेबल आजही दाखवतात. शेजारीच त्याची बायको एलिझाबेथ, म्हणजे सगळे जिला सिसी म्हणतात, तिच्या खोलीत दाराच्या चौकटीत व्यायामाच्या कड्या लटकतायत.

शोनब्रुनला मात्र निवांत अख्खा दिवस काढावा. इथे आधी शिकारीसाठीचा एक जुना वाडा होता, 1683 मध्ये तुर्कांनी व्हिएन्नाला वेढा घातला तेव्हा तो उद्ध्वस्त झाला, मग फिशर फॉन एर्लाख नावाच्या वास्तुकाराने नवा उभा केला, आणि आज दिसतं ते रूप बरंचसं हॅब्सबर्ग राणी मारिया तेरेसाने 1743 पासून पकासी या वास्तुकाराकडून करून घेतलेलं आहे. एकूण खोल्या 1441, त्यातल्या साधारण 40 बघायला मिळतात. वरच्या मजल्यांवर भाड्याची घरं आहेत आणि तिथे माणसं राहतात, हे फार कमी लोकांना माहीत असतं. 6 वर्षांचा मोझार्ट 1762 मध्ये इथे मारिया तेरेसासमोर वाजवून गेला. शेवटचा सम्राट कार्ल याने 11 नोव्हेंबर 1918 ला राज्यकारभारातून बाजूला होत असल्याच्या कागदावर सही केली तीही इथल्याच निळ्या चिनी दालनात, आणि जून 1961 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांची मेजवानी झाली ती मोठ्या गॅलरीत.

पण शोनब्रुनमध्ये भारतातून गेलेल्या माणसाने थांबून बघावी अशी खोली म्हणजे मिलियोनेनझिमर. भिंतींना महागडं शिसवी लाकूड लावलंय आणि त्यात सोनेरी महिरपी चौकटी बसवल्यात, त्या चौकटींत जी चित्रं आहेत ती आपल्याकडची आहेत, मुघल दरबारातली, बादशहा, बाग, शिकार, जनाना. चौकटींचे आकार वेडेवाकडे होते म्हणून राजघराण्यातल्याच लोकांनी ही लघुचित्रं कात्रीने कापली आणि तुकडे जुळवून नवीन चित्रं केली. जवळून बघितलं की एका चित्रातली माणसं दुसऱ्याच चित्रातल्या झाडाखाली बसलेली सापडतात, आणि वाईट वाटतंच, कारण एकेका पानावर चित्रकाराने किती दिवस घालवले असतील. तरी पण पानं टिकली तीसुद्धा ह्या भिंतीमुळेच. आणि त्यातलं झाडाखाली बसलेल्या चौघांचं एक चित्र असं आहे की रेम्ब्रांट या डच चित्रकाराने 17व्या शतकात त्याच रचनेवरून रेखाटन केलं, ते आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ऑडिओ गाइड ऐकत लोक ह्या खोलीतून भरभर पुढे सरकतात, तसं करू नये, भिंतीच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जाऊन बघावं.

बेल्वेडेर हा प्रिन्स यूजीनचा, तुर्कांविरुद्धच्या लढायांत नाव कमावलेला सेनापती. खालचा महाल 1716 चा, वरचा 1723 चा, दोन्ही हिल्डेब्रांट या वास्तुकाराचे, मधे उतरती बाग. यूजीन गेल्यावर मारिया तेरेसाने 1752 मध्ये बेल्वेडेर विकत घेतला. आज तिथे चित्रसंग्रह आहे आणि बहुतेक जण क्लिम्ट या चित्रकाराचं ‘द किस’ हे चित्र बघायलाच येतात, पण संगमरवरी हॉल चुकवू नका, दुसऱ्या महायुद्धानंतर चार देशांच्या ताब्यात असलेल्या ऑस्ट्रियाला परत स्वतंत्र करणारा करार 15 मे 1955 ला तिथेच झाला आणि मग बाल्कनीतून तो खाली जमलेल्या गर्दीला दाखवला.

जायला सोपं आहे, शोनब्रुनला यू4 मेट्रोचं त्याच नावाचं स्टेशन आणि बेल्वेडेरला डी नंबरची ट्राम. शोनब्रुनच्या तिकिटावर आत जायची वेळ छापलेली असते, उन्हाळ्यात आधीच ऑनलाइन काढलेलं बरं. तिथल्या मोठ्या बागेला पैसे पडत नाहीत, 18व्या शतकातच ती सगळ्यांसाठी उघडली होती, आणि सकाळी लवकर गेलं तर पळायला आलेले व्हिएन्नाकर सोडून फारसं कोणी नसतं. टेकडी चढून ग्लोरिएटपर्यंत जावं, 1775 ची ती कमानींची इमारत, तिथून खाली पिवळा राजवाडा आणि त्याच्यामागे सगळं शहर दिसतं.