हार्पेग्नॅथॉस सॅल्टेटर : उडी मारणारी शिकारी मुंगी

हायमेनॉप्टेरा गणातील फॉर्मिसिडी कुलाच्या पोनेरिनी उपकुलात मोडणारी ही शिकारी मुंगी दक्षिण भारतात, विशेषतः पश्चिम घाटाच्या परिसरात, तसेच श्रीलंकेत आढळते. विळ्यासारखे वर वळलेले लांब जंभ (चावण्या-पकडण्याचे जबडे), डोक्याच्या पुढच्या भागात बसलेले मोठे डोळे आणि मुंग्यांमध्ये क्वचितच दिसणारी उडी मारण्याची क्षमता या तीन गोष्टींवरून ती चटकन ओळखता येते. प्राणिशास्त्रात मात्र तिला महत्त्व आले ते निराळ्या कारणाने. या जातीत राणी आणि कामकरी मुंगी यांच्यातील सीमा पक्की नाही. राणी मेल्यावर साध्या कामकरी मुंग्यांपैकी काही जणी तिची जागा घेतात, आणि परिस्थिती बदलल्यास त्या पुन्हा कामकरीही होऊ शकतात.

या जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन टॉमस कॅव्हरहिल जर्डन यांनी १८५१ मध्ये दक्षिण भारतातील मुंग्यांच्या सूचीत केले. जर्डन हे मद्रास इलाख्यातील लष्करी शल्यवैद्य होते, आणि पक्ष्यांचे अभ्यासक म्हणूनच ते अधिक ओळखले जातात. त्यांनी या मुंगीसाठी हार्पेग्नॅथॉस ही नवी प्रजातीही (जवळच्या जातींचा गट) स्थापन केली. या ग्रीक शब्दाचा अर्थ विळ्यासारखे जबडे असलेली असा होतो, तर सॅल्टेटर या लॅटिन शब्दाचा अर्थ नर्तक किंवा उड्या मारणारा असा आहे. नावाच्या दोन शब्दांतच ओळखीच्या दोन खुणा बसवणारे असे नामकरण कीटकशास्त्रात फार वेळा साधलेले नाही. पुढे फ्रेडरिक स्मिथ यांनी १८५८ मध्ये जवळपास त्याच अर्थाचे ड्रेपॅनोग्नॅथस हे प्रजातिनाम वापरले, त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील काही लेखनात ही मुंगी त्या नावाखाली शोधावी लागते. आधी दिलेल्या नावाला अग्रक्रम मिळत असल्याने जर्डन यांचेच नाव आज ग्राह्य धरले जाते.

कामकरी मुंगीची लांबी सुमारे दीड सेंटिमीटर किंवा त्याहून थोडी अधिक असते. डोके व वक्ष तांबूस तपकिरी, उदराचा मागचा फुगीर भाग त्याहून गडद, काळपट, आणि जंभ, शृंगिका (डोक्यावरील मिशा) व पाय पिवळसर असतात. डोके रुंदीपेक्षा लांबीला जास्त असून त्याचा व वक्षाचा पृष्ठभाग खाचाखळग्यांनी खडबडीत झालेला असतो. जंभ बारीक, लांब आणि टोकाकडे वर उचललेले असतात. त्यांच्या आतल्या कडेवर करवतीसारखे बारीक दात असतात आणि बुडाशी खालच्या बाजूला एक रुंद, दातासारखा उंचवटा असतो. संयुक्त नेत्र इतके मोठे आणि इतके पुढे असतात की समोरून पाहिल्यावर चेहऱ्याचा बराचसा भाग त्यांनीच व्यापलेला दिसतो. वक्ष आणि उदराचा फुगीर भाग यांच्यामध्ये एकच गाठ असते. फुगीर भागाच्या पहिल्या दोन खंडांमध्ये एक आवळल्यासारखी खाच दिसते, आणि टोकाला कार्यक्षम नांगी असते. राणी कामकरी मुंगीपेक्षा किंचित मोठी असते, पण पंख गळून गेलेली राणी आणि कामकरी यांच्यातील फरक वक्षाची ठेवण न पाहता सांगणे नवख्या निरीक्षकाला कठीण जाते. हे साम्य वरवरचे नाही, हे पुढे दिसेलच.

ओळख पटवताना घोटाळा होण्याची शक्यता असते ती प्रामुख्याने लांब जंभांच्या इतर मुंग्यांशी. ओडोन्टोमॅकस आणि अ‍ॅनोकेटस या प्रजातींतील मुंग्यांचे जंभही लांब असतात. मात्र ते सरळ असतात, डोक्याच्या पुढच्या कडेच्या मध्याजवळ एकमेकांलगत जोडलेले असतात, आणि सापळ्यासारखे पूर्ण फाकवून एका झटक्यात मिटले जातात. हार्पेग्नॅथॉसच्या जंभांत असा खटका नसतो. ते चिमट्यासारखे काम करतात. मोठ्या डोळ्यांच्या आणि उड्या मारणाऱ्या मुंग्या ऑस्ट्रेलियातील मिर्मेशिया प्रजातीतही आहेत, परंतु त्यांच्या कंबरेला एकाऐवजी दोन गाठी असतात आणि त्यांचे उपकुलही वेगळे आहे. खरी सावधगिरी लागते ती स्वतःच्याच प्रजातीतील हार्पेग्नॅथॉस व्हेनेटर या जातीबाबत. तिचे वर्णन स्मिथ यांनी १८५८ मध्ये केले असून तिचा प्रसार भारतापासून आग्नेय आशियापर्यंत आहे. तिचे शरीर मुख्यतः काळे असते, तर सॅल्टेटरमध्ये तांबूस छटा ठळक असते. केवळ रंगावर विसंबून जाती ठरवणे मुंग्यांच्या बाबतीत एरवी धोक्याचे असते, म्हणून नमुना कोठे सापडला याची नोंद येथे रंगाइतकीच महत्त्वाची ठरते.

मुंग्यांची रांग हे आपल्या मनातील चित्र या जातीला लागू पडत नाही. सॅल्टेटर दिवसा, एकटी आणि प्रामुख्याने नजरेच्या आधारे शिकार करते. ती मागे गंधाची वाट ठेवत नाही, आणि भक्ष्य सापडले म्हणून सोबतिणींना बोलावून आणत नाही. कोळी, नाकतोडे, रातकिडे, झुरळे यांसारखे लहान संधिपाद प्राणी हे तिचे खाद्य होय. पालापाचोळ्यावरून ती थांबत थांबत चालते, हालचाल दिसताच त्या दिशेला वळते, अंतर कमी करते आणि झेप घेऊन भक्ष्य जंभांत पकडते. लगेच उदर पुढे वळवून ती नांगी मारते. विषाने भक्ष्य लुळे पडले की ते घरी वाहून नेले जाते आणि अळ्यांना खाऊ घातले जाते.

उडी एका वेळी काही सेंटिमीटरांपासून सुमारे १० सेंटिमीटरांपर्यंत जाते, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या पाच-सहा पट. मुस्ताक अली, बारोनी उर्बानी आणि बिलेन यांनी १९९२ मध्ये दाखवले की ही उडी एकाच हेतूने मारली जात नाही. भक्ष्य पकडणे हा त्यातला एक उपयोग असून धोक्यापासून पळताना आणि काही वेळा अनेक मुंग्या एकत्र असतानाही उड्या मारल्या जातात. टोळासारखे जाड मागचे पाय या मुंगीला नाहीत, तेव्हा ही ताकद येते कोठून, हा प्रश्न साहजिक होता. दोनच वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचे उत्तर मिळाले. मधल्या आणि मागच्या पायांच्या जोड्या एकाच क्षणी जमिनीला रेटतात, आणि चार पायांचा हा एकत्रित जोर शरीर वर फेकतो. चालताना आलटून पालटून हलणारे पाय उडीपुरते एका तालात आणणे हे स्नायूंपेक्षा मज्जासंस्थेचे काम आहे.

या मुंगीच्या घराला वारूळ म्हणणे दिशाभूल करणारे होईल, कारण जमिनीवर मातीचा उंच ढीग दिसत नाही आणि सारी करामत भूपृष्ठाखाली असते. कर्नाटकातील जोग धबधब्याच्या परिसरातील घरे खोदून ख्रिश्चियन पीटर्स, बर्ट होल्डॉब्लर, मार्क मॉफेट आणि मुस्ताक अली यांनी १९९४ मध्ये त्यांची रचना प्रसिद्ध केली. जमिनीच्या जवळच एकाखाली एक अशा काही दालनांचा संच असतो आणि त्यावर जाड, घुमटाकार छत असते. हे छत भोवतालच्या मातीला थेट चिकटलेले नसून दोहोंमध्ये मोकळी पोकळी राखलेली असते, त्यामुळे एका खोलीत दुसरी खोली ठेवावी तसे हे बांधकाम दिसते. आत जाण्याची छिद्रे लहान असून त्यांच्या कडा घडवून बाहेर काढलेल्या असतात. दालनांच्या भिंतींना आतून अस्तर लावलेले असते, आणि त्यासाठी मुंग्या बाहेर पडून गेल्यावर उरलेले रिकामे रेशमी कोश वापरले जातात. भक्ष्याचे अवशेष टाकण्याची खोली राहत्या दालनांच्या खाली, अधिक खोलवर असते आणि तेथे माश्यांच्या जिवंत अळ्या सापडतात. ही सगळी रचना पावसाळ्यात माती पाण्याने भरून जाते तेव्हा आतली वस्ती कोरडी ठेवण्यासाठी आहे, असे या अभ्यासकांचे मत आहे. घाटमाथ्याचा पाऊस लक्षात घेता ते पटण्याजोगे आहे.

अशा घराची किंमत मोठी असते, आणि या जातीचे सामाजिक जीवन या किमतीभोवतीच फिरते. एका घरात सरासरी ६५ च्या आसपास कामकरी मुंग्या असतात. एकेकट्याने शिकार करणाऱ्या जातीत ही संख्या फार वाढत नाही, आणि एवढ्या थोड्या मनुष्यबळावर नवे घर उभारणे सोपे नसते. वसाहत दुभंगून तिचा एक भाग दुसरीकडे जात नाही. नवी वसाहत सुरू करते ती पंख असलेली तरुण राणी. ती परक्या नराशी मीलन करते, पंख टाकते, एकटीच घर खोदते आणि पहिली पिढी वाढेपर्यंत स्वतः बाहेर पडून शिकार आणते. सुमारे पाच वर्षांनी तिचे आयुष्य संपते. बहुतेक मुंग्यांमध्ये राणी गेली की वसाहतही काही काळात संपते. येथे मात्र घर मागे उरते, आणि त्याला वारस लागतो.

वारसा मिळू शकतो याचे कारण शरीररचनेत आहे. या जातीच्या कामकरी मुंगीला शुक्रजंतू साठवणारी कार्यक्षम पिशवी असते. ती घरातच वाढलेल्या नराशी, म्हणजे बहुधा स्वतःच्या भावाशी, मीलन करू शकते आणि फलित अंडी घालू शकते. अशा मीलन झालेल्या, अंडी घालणाऱ्या कामकरी मुंगीला गॅमरगेट म्हणतात. ग्रीक शब्दांवरून बनवलेल्या या संज्ञेचा अर्थ विवाहित कामकरी असा होतो. गॅमरगेट घर सोडून स्वतंत्र वसाहत स्थापू शकत नाही. तिचे काम आहे ते घर चालू ठेवण्याचे. म्हणून राणी आणि गॅमरगेट एकमेकींच्या स्पर्धक नाहीत: पहिली नवी घरे वसवते, दुसरी वसलेल्या घराचे आयुष्य वाढवते. पीटर्स आणि होल्डॉब्लर यांनी १९९५ मध्ये या मांडणीला नेमके रूप दिले.

राणीचा गंध नाहीसा झाला की काही दिवसांतच घरात झुंजी सुरू होतात. दोन मुंग्या समोरासमोर येतात. एक शृंगिकांचे फटके मारत दुसरीला मागे रेटते, मग दुसरी पहिलीला, आणि असे आलटून पालटून चालते. या झुंजीत कोणी हरत नाही आणि दोघींचाही दर्जा टिकतो, हे तिचे वैशिष्ट्य होय. वसाहतीतील निम्म्याहून अधिक मुंग्या तीत उतरू शकतात आणि ती ४० दिवसांपर्यंत लांबू शकते. शेवटी काही मोजक्या मुंग्या गॅमरगेट होतात आणि उरलेल्या माघार घेऊन कामाला लागतात. घरात आधीच अंडी घालणाऱ्या पुरेशा मुंग्या असताना एखादीचे अंडाशय वाढू लागले, तर इतर कामकरी तिला पकडून दाबून ठेवतात आणि तिची वाढ खुंटते. अंडाशयाची अवस्था कातडीवरील मेणचट हायड्रोकार्बनांच्या मिश्रणात उमटते, त्यामुळे अशी मुंगी लपून राहू शकत नाही. अळ्यांच्या बाबतीतही हीच देखरेख दिसते. राणी होण्याच्या मार्गावर असलेल्या अळीला कामकरी मुंग्या चावे घेतात आणि नको त्या वेळी राणी तयार होणे रोखतात.

गॅमरगेट झालेल्या मुंगीचे शरीर आतून बदलते. अंडाशय अनेक पटींनी वाढतात, विषनिर्मिती घटते, आणि मेंदूचे आकारमान सुमारे २० ते २५ टक्क्यांनी कमी होते. त्यातही दृष्टीशी संबंधित भागांचा संकोच १९९९ मध्येच नोंदवला गेला होता. कायम अंधारात राहणाऱ्या आणि शिकारीला न जाणाऱ्या मुंगीला मोठ्या दृष्टिकेंद्रांचा खर्च परवडत नाही, असे याचे सरळ स्पष्टीकरण देता येते. खरे आश्चर्य २०२१ मध्ये पुढे आले. गॅमरगेटना काही आठवडे वेगळे ठेवून त्यांचा दर्जा हिरावल्यावर त्यांचे अंडाशय आक्रसले, विष पुन्हा तयार होऊ लागले आणि मेंदू पूर्ववत वाढला. प्रौढ कीटकात मेंदूचे आकारमान असे दोन्ही दिशांनी बदलल्याचे उदाहरण याआधी दाखवले गेले नव्हते.

आयुर्मानही असेच बदलते. कामकरी मुंगी साधारण सात महिने जगते, तर तिचीच बहीण गॅमरगेट झाल्यास सुमारे चार वर्षे जगते. एरवी प्राण्यांमध्ये अधिक प्रजनन म्हणजे अल्प आयुष्य असा हिशेब दिसतो, तो येथे उलटा पडतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, अंडी घालण्यासाठी या मुंग्यांत इन्शुलिनचे प्रमाण वाढते. परंतु वाढत्या अंड्यांमधून एक प्रथिन स्रवते आणि ते वार्धक्याशी जोडलेली इन्शुलिनची एक शाखा मेदपेशींमध्ये रोखून धरते. अंडी तयार करणारी शाखा मात्र चालू राहते.

या लवचीकपणामुळे ही जाती प्रयोगशाळांत रुळली. २०१० मध्ये ज्या दोन मुंग्यांचे जनुकसंच सर्वप्रथम उलगडले गेले त्यांत सॅल्टेटर एक होती, दुसरी अमेरिकेतील एक कॅम्पोनोटस जाती होती. त्यानंतर क्रिस्पर या जनुक बदलण्याच्या तंत्राने तिच्यातील ऑर्को हे जनुक निकामी करण्यात आले. बहुतेक गंधग्राहकांचे काम या जनुकावर अवलंबून असते. मुंग्यांमध्ये असे प्रयोग एरवी अडतात ते या टप्प्यावर, कारण बदललेली मुंगी राणी नसेल तर तिची संतती मिळत नाही. येथे कोणत्याही कामकरी मुंगीला एकटी ठेवून अंडी घालायला लावता येते आणि बदललेली पिढी पुढे वाढवता येते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगातील मुंग्यांच्या मेंदूतील गंधकेंद्रे खुरटलेली आढळली. त्यांचे मोठे डोळे शाबूत होते, तरी त्या सोबतिणींमध्ये मिसळत नसत आणि घर सोडून बाहेर भरकटत राहत.