मोटारबोट विहार, कौटुंबिक (ग्वाल्हेर परिसर)

कुटुंबातल्या माणसांनी स्वतः हाकायच्या लहान यांत्रिक होडीतून हौसेखातर केलेला जलविहार. बोट क्लबवर तिकीट काढून अर्धा तास फिरून येणे यात मोडत नाही. बोट निवडणे, तिची निगा राखणे, ती हाकणे आणि मध्येच बिघडली तर काठाला आणणे ही सारी कामे येथे घरच्यांकडे असतात. कोकणात किंवा केरळात ही हौस घरामागच्या खाडीतही सुरू होऊ शकते. ग्वाल्हेरला ती धरणांच्या पाण्यावर भागवावी लागते आणि इथले जवळपास प्रत्येक मोठे पाणी एकतर पिण्याचे आहे किंवा वन्यजीवांसाठी राखलेले. म्हणून या शहरात बोटीची खरेदी सर्वांत शेवटी येते. त्याआधी परवानगी, पोहणे आणि घरातल्या किमान दोघांचे शिक्षण हे टप्पे आहेत. हा क्रम उलटा केला की बोट अंगणात ताडपत्रीखाली पडून राहते.

पाण्याच्या जागा

शहरापासून सुमारे वीस-पंचवीस किलोमीटरवर, सांक नदीवर तिघरा धरण आहे. ते १९१६ मध्ये बांधले गेले आणि पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९१७ मध्ये, वालुकाश्माच्या पायात पाणी मुरून फुटले. नंतर ते पुन्हा उभे राहिले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी खडकवासल्याला बसवलेली स्वयंचलित दारे पुढे तिघऱ्यालाही बसवण्यात आली, त्यामुळे पुणेकर पाहुण्यांना हे धरण दाखवताना सांगायला एक गोष्ट आपोआप मिळते. तिघऱ्याला बोट क्लब आहे आणि बहुतेक ग्वाल्हेरकरांचा मोटारबोटीशी पहिला संबंध तेथेच येतो. हा जलाशय शहराला पिण्याचे पाणी पुरवतो, आणि स्वतःची बोट उतरवू पाहणाऱ्याने आधी हे ध्यानात घ्यायला हवे. पाण्यावर पसरलेला पेट्रोलचा तवंग शेवटी नळालाच जाऊन मिळतो. भोपाळच्या मोठ्या तलावावरील क्रूझ आणि मोटारबोटी बंद करण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०२३ मध्ये दिला, त्यामागेही पिण्याच्या पाण्याचाच मुद्दा होता. तेव्हा तिघऱ्यावर खाजगी इंजिन चालेल की नाही, कोणत्या भागात आणि कोणत्या महिन्यांत चालेल, हे जलसंपदा विभाग व जिल्हा प्रशासनाकडून लेखी घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. क्लबवरच्या माणसाने ‘चलता है’ म्हटले, ही परवानगी नव्हे.

शिवपुरीचा सख्यासागर १९१८ मध्ये माधवराव शिंदे यांच्या काळात बांधला गेला. काठावरची बोट क्लबची इमारत त्या काळाची साक्ष आहे. तलाव माधव राष्ट्रीय उद्यानात आहे आणि २०२२ पासून पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे. पाण्यात मगरी आहेत, त्यामुळे होडीतून पाय सोडून बसण्याची ही जागा नाही. स्वतःचे इंजिन येथे नेण्याचा विचारच सोडावा. उद्यानाच्या नियमांत बसेल ती सफर घ्यावी.

चंबळचे पात्र रुंद आणि मोहात पाडणारे आहे. मात्र तेथे १९७९ पासून राष्ट्रीय चंबळ अभयारण्य आहे. सुसरी, मगरी, कासवे आणि गंगेतले डॉल्फिन यांचा हा आसरा असल्याने मोरेनाजवळच्या राजघाटावरून वन विभागाच्या देखरेखीखालच्या बोटीतूनच फिरता येते. नवशिक्यासाठी ही सफर फार उपयोगी असते. वाळूच्या दांड्यांतून खोल धार शोधत जाणारा नावाडी पाण्याचा रंग आणि लहरींची ठेवण पाहून बोट वळवतो. त्याच्या शेजारी बसून तासभर नुसते पाहावे.

ग्वाल्हेरचा दर्याशी एक जुना धागा आहे, तोही इथे नोंदवावा. मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या वंशातले एक घराणे शिंद्यांचे सरदार म्हणून येथे स्थिरावले. आरमारी घराण्याचे नाव असलेल्या या शहरात बोट उतरवायला चांगला उतार मात्र शोधावा लागतो.

कायदा

भारतातील आंतरदेशीय जलयानांसाठी २०२१चा कायदा १९१७च्या जुन्या कायद्याच्या जागी आला. यंत्राने चालणाऱ्या जलयानाची तपासणी, नोंदणी आणि विमा, तसेच चालवणाऱ्याचे सक्षमता प्रमाणपत्र या गोष्टी त्यात आहेत. प्रत्यक्ष अंमल राज्याने नेमलेल्या प्राधिकरणाकडून होतो. बोट विजेवर चालते म्हणजे ती यातून सुटली, असे गृहीत धरू नये. दुसऱ्या राज्यातून वापरलेली बोट आणायची असल्यास तिची नोंदणीची कागदपत्रे पैसे देण्यापूर्वी पाहावीत.

शिकणे

या बाबतीत ग्वाल्हेरकराचे नशीब बरे आहे. भारतीय पर्यटन व प्रवास व्यवस्थापन संस्थेचे मुख्यालय ग्वाल्हेरलाच आहे आणि गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्था तिच्याच अखत्यारीत येते. त्या संस्थेत पॉवरबोट हाताळणे आणि जीवरक्षण यांचे लहान अभ्यासक्रम चालतात. गोव्याची सुट्टी घ्यायचीच असेल तर तिचे काही दिवस तेथे घालवण्याइतका चांगला खर्च या छंदात दुसरा नाही.

पोहण्यासाठी शहरात तलाव आहेत. १९५७ मध्ये स्थापन झालेली लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थाही येथेच असल्याने शहराला जलतरणाच्या शिक्षकांची वानवा नाही. बोटीसाठी लागणारे पोहणे शर्यतीचे नसते. कपड्यांसकट पाण्यात पडल्यावर घाबरून न जाता उताणे तरंगता येणे, लाइफ जॅकेट घालून पन्नासेक मीटर जाता येणे आणि पाण्यातून होडीच्या काठावर चढता येणे एवढे पुरते. तिसरे सर्वांत अवघड. ते एकदा तरी करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

यानंतर वल्ही. मुलांना थेट इंजिनवर बसवणारी बरीच घरे वल्ह्यांचा टप्पा गाळतात आणि तेथेच चुकतात. वारा होडीला कसा ढकलतो, एका बाजूला वजन गेले की ती कशी कलते, थांबायला किती अंतर लागते, हे वल्हवताना हातांना कळते. इंजिनच्या आवाजात ते कळत नाही. शिवाय इंजिन बंद पडले की घरी आणणार वल्हीच.

घरातल्या दोघांना बोट पूर्णपणे हाकता आली पाहिजे, हा नियम कोणत्याही कायद्यात नसला तरी पाळावा. साधारणपणे बाबा चालवतात, आई मुले सांभाळते आणि बाकीचे फोटो काढतात. चालवणारा पाण्यात पडला तर या वाटणीत बोट कोणाच्याच हातात राहत नाही. म्हणून सुरुवातीपासून पाळी लावावी. जाताना एकाने चालवावे, येताना दुसऱ्याने. धक्क्याला लावण्याचे काम नेहमी ज्याला कमी जमते त्याने करावे.

बोट आणि इंजिन

चौघांच्या कुटुंबाला शांत जलाशयावर साडेतीन-चार मीटरची बोट पुरते. फायबरची बोट टिकाऊ आणि स्थिर असते, पण तिला ट्रेलर व ठेवायला जागा लागते. हवा भरायची बोट गाडीच्या डिकीत मावते आणि शहराच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्याच्या देवडीत गुंडाळून ठेवता येते. नवशिक्या घराने हीच घ्यावी, असे या नोंदीचे मत आहे. तिचा एक दोष ग्वाल्हेरमध्ये ठळकपणे दिसतो. उन्हात ठेवलेल्या नळकांड्यांतली हवा फुगते आणि शिवणींवर ताण येतो. हीच बोट गार पाण्यात उतरवली की मऊ पडते. म्हणून भरताना थोडी कमी भरावी आणि पाण्यात उतरवल्यावर पंपाने दाब पुरा करावा. पीव्हीसीचे सांधे उष्णतेने सुटतात, तेव्हा उन्हाळ्यात बोट गच्चीवर ठेवू नये.

इंजिन बहुधा आउटबोर्ड, म्हणजे पिछाडीच्या फळीवर टांगलेले असते. फळीची उंची साधारण १५ इंच असेल तर आखूड दांड्याचे, २० इंच असेल तर लांब दांड्याचे. हे जुळले नाही तर पंखा हवा ओढतो किंवा फुकटचा खोल घासतो. जुनी टू-स्ट्रोक इंजिने हलकी व दुरुस्तीला सोपी असली तरी पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालतात आणि त्यातले काही न जळता पाण्यात जाते. पिण्याच्या जलाशयासाठी ती नकोतच. फोर-स्ट्रोक १० अश्वशक्तीचे इंजिन चाळीसेक किलो भरते आणि पूर्ण जोरात तासाला तीन-चार लिटर पेट्रोल पिते. ५-६ अश्वशक्तीचे इंजिन एकट्याला उचलता येते, आणि पहिल्या वर्षी तेवढेच पुरे.

बॅटरीवरच्या मोटारीचा पर्याय येथे गांभीर्याने घेण्यासारखा आहे. आवाज नाही, तवंग नाही. १२ व्होल्टची मध्यम मोटार पूर्ण वेगात सुमारे ५० अँपियर ओढते. १०० अँपियर-तासाची शिशाची बॅटरी कागदावर दोन तास देते, पण निम्म्याहून अधिक रिकामी केली तर लवकर मरते. म्हणजे पूर्ण वेगात खरा एकच तास. निम्म्या वेगात हाच हिशेब बराच सुधारतो.

पेट्रोलच्या इंजिनाला थंडावा जलाशयातल्याच पाण्याने मिळतो. चालू असताना मागच्या बाजूने पाण्याची बारीक धार उडत असते. ती दिसत नसेल तर जाळीत शेवाळ किंवा प्लास्टिक अडकले असे समजून इंजिन ताबडतोब बंद करावे. ‘बघू, चालतंय का’ म्हणून अंगणात कोरडे चालवलेले इंजिन काही सेकंदांतच पाण्याच्या पंपातली रबरी चकती जाळून बसते. नव्या मालकांचा पहिला दुरुस्तीखर्च पुष्कळदा हाच असतो.

हाकणे

बोटीला ब्रेक नसतो आणि ती मोटारीसारखी पुढून वळत नाही. पिछाडी सरकते आणि नाळ, म्हणजे पुढचे टोक, फिरते. म्हणून धक्क्यापासून निघताना सुकाणू एकदम फिरवले की मागचा भाग धक्क्यावर आपटतो. हाताच्या दांड्याने वळवायच्या इंजिनात हा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते. मुले हे पाच मिनिटांत आत्मसात करतात. वर्षानुवर्षे गाडी चालवलेल्या मोठ्यांना जास्त वेळ लागतो.

काठाला लावताना वाऱ्याकडे तोंड करून, चालण्याच्या वेगाने यावे आणि शेवटच्या दोन मीटरांत इंजिन न्यूट्रलमध्ये असावे. हाताने किंवा पायाने बोट अडवायला जाऊ नये, हातापायांची बोटे चेमटतात.

पाण्यावर वाट देण्याचे नियम जहाजांची टक्कर टाळण्याच्या १९७२च्या आंतरराष्ट्रीय संकेतांवरून आले आहेत. समोरासमोर आल्यास दोघांनी उजवीकडे वळायचे. आडव्या वाटेवर आपल्या उजवीकडे दिसणाऱ्या बोटीला वाट द्यायची. मागून पुढे जाणाऱ्याने दूर राहायचे. भारतात रस्त्यावर डावी बाजू धरायची सवय असल्याने पहिला नियम ऐन वेळी विसरला जातो. वल्ह्याच्या होडीला, मासेमाराच्या जाळ्याला आणि पोहणाऱ्याला इंजिनवाल्यानेच वाट द्यायची, मग हक्क कोणाचाही असो.

पेट्रोलचा हिशेब तीन भागांचा : एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी, एक राखीव.

सुरक्षितता

वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी शाळेच्या सहलीची बोट उलटून १२ मुले व २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती आणि बहुतेक मुलांना लाइफ जॅकेट नव्हते. तलाव शहरातला होता. बोट उलटण्यासाठी खोल समुद्र किंवा वादळ लागत नाही, हे या घटनेने दाखवले.

लाइफ जॅकेट बोटीत असून भागत नाही, अंगात बंद करून घातलेले लागते. मुलाच्या मापाची परीक्षा सोपी आहे. जॅकेट घालून पट्टे आवळल्यावर खांद्यांपाशी धरून वर ओढावे. हनुवटी आणि कान आत गेले तर ते मोठे होते. लहानांच्या जॅकेटला दोन्ही पायांमधून जाणारा पट्टा असावा. ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून शाळेचा गणवेश घेतात तसे मोठे माप येथे घेऊ नये. दंडावर चढवायचे फुगे खेळणे आहे, त्यांची गणना यात होत नाही.

इंजिन बंद करणारी लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली असावी. तो पडला की दोरी निघते आणि इंजिन थांबते. तसे झाले नाही तर रिकामी बोट गोल फिरत पडलेल्याच माणसावर येते. पाण्यात माणूस असेल तर जवळ पोहोचण्याआधी न्यूट्रल, आणि त्याला वर घेताना इंजिन पूर्ण बंद.

बोटीवर लिहिलेल्या क्षमतेत सामानही धरलेले असते. मावशीकडचे पाहुणे अचानक आले तर दोन फेऱ्या कराव्यात. ‘सरकून घ्या जरा’ हे टेम्पोत चालते.

ऋतू

ऑक्टोबर ते मार्च हा चांगला काळ, त्यातही डिसेंबर-जानेवारीतल्या धुक्याच्या सकाळी वगळून. धुके पूर्ण उठल्यावरच बोट काढावी. अशा दिवसांत पाणी इतके गार असते की पडलेल्या माणसाची बोटे थोड्याच वेळात बधिर होतात आणि त्याला दोर धरवत नाही. मे-जूनमध्ये तापमान ४५ अंशांपर्यंत चढते, पाणी उतरून खडक वर येतात आणि दुपारनंतरची आंधी बघता बघता तळ्यावर लाटा उठवते. पश्चिमेकडचे आकाश मातकट दिसू लागले की काठ गाठावा. पावसाळ्यात तिघऱ्याची पातळी वर्तमानपत्रांत फुटांत छापून येते. ती ७४० फुटांच्या पूर्ण पातळीजवळ आली की दारे उघडली जातात आणि ओढ दारांकडे लागते. त्या दिवसांत बोट पाण्यात असण्याचे कारण नाही.

पावसाळ्यापूर्वी इंजिनातले पेट्रोल काढून कार्ब्युरेटर कोरडा करावा, गिअरचे तेल बदलावे आणि इंजिन स्टँडवर उभे टांगावे. जुने तेल दुधासारखे पांढरट निघाले तर आत पाणी शिरले आहे. सील बदलायला हे तीन महिने हाताशी असतात.