गर्भाशयाची पिशवी कुठे काढायची, या प्रश्नामागचा इतिहास

१८१३ साली जर्मनीत गॉटिंगेनला कॉनराड लांगेनबेक या सर्जनने योनीमार्गातून एका बाईचं गर्भाशय काढलं. बाई वाचली, पण त्याच्या सहकाऱ्यांनी ते खरं मानलंच नाही. २६ वर्षांनी ती वारली आणि शवविच्छेदन झालं, तेव्हा कुठे लोकांची खात्री पटली. भूल नसताना तिने हे सोसलं होतं.

पोट उघडून गर्भाशय काढणं तर चुकलेल्या निदानातून सुरू झालं. १८४३ मध्ये मँचेस्टरच्या चार्ल्स क्ले यांनी अंडाशयाची गाठ समजून पोट उघडलं, गाठ निघाली गर्भाशयाची. बाई दगावली. १८५३ मध्ये अमेरिकेत लोवेल इथे वॉल्टर बर्नहॅम यांचं निदानही असंच चुकलं, मात्र त्यांची रुग्ण जगली. त्या काळी बहुतेक जणी टाक्यांच्या आधी रक्तस्रावाने नाहीतर नंतर पू होऊन जात. भूल, निर्जंतुकीकरण, रक्त चढवण्याची सोय आणि अँटिबायोटिक्स आल्यावरच ही शस्त्रक्रिया नेहमीची झाली.

नेहमीची झाली, तशी ती सहज सुचवलीही जाऊ लागली. जॉन वेनबर्ग या अमेरिकन डॉक्टरने मेन राज्यातल्या शेजारच्या गावांची तुलना केली. एका ठिकाणी या शस्त्रक्रिया ज्या वेगाने होत होत्या, त्या वेगाने पंच्याहत्तरीपर्यंत ७० टक्के बायकांची पिशवी निघाली असती. वीस मैलांच्या आतल्या दुसऱ्या ठिकाणी फक्त २५ टक्के. हा फरक आजारातून आला नव्हता, डॉक्टरांच्या सवयीतून आला होता. मला या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं पान हेच वाटतं. आपण कोणाच्या दारात जातो, यावर शस्त्रक्रिया होईल की नाही हेसुद्धा ठरत होतं. म्हणून दुसरं मत घेताना ते त्याच दवाखान्यात घेऊ नये. जास्त रक्तस्रावासाठी कॉपर-टीसारखीच गर्भाशयात बसवायची, पण हॉर्मोनची साधनं, फायब्रॉइडसाठी (गर्भाशयातल्या, कॅन्सर नसलेल्या गाठीसाठी) फक्त गाठ काढणं, असे पर्याय तिथे विचारता येतात.

१९८८ मध्ये हॅरी राइक यांनी दुर्बिणीतून गर्भाशय काढलं, २००५ मध्ये अमेरिकेत स्त्रीरोग शस्त्रक्रियांसाठी रोबोटला परवानगी मिळाली. तेव्हापासून रुग्णालयाची निवड म्हणजे पद्धतीचीही निवड झाली, कारण सर्जनला जी येते तीच तो बहुधा सुचवतो. योनीमार्गाची जुनी पद्धत जमण्यासारखी असेल तर पोट उघडण्यापेक्षा बाई लवकर उठते, तरीही ती शिकलेले हात कमी होत गेले. ‘माझ्यासारख्या किती केसेस तुम्ही वर्षाला करता, आणि कोणत्या मार्गाने?’ हे विचारण्यात संकोच नको.

नवं यंत्र म्हणजे चांगलं, असंही नाही. २०१८ मध्ये गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कॅन्सरसाठीच्या मोठ्या शस्त्रक्रियेची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात दुर्बीण आणि रोबोटपेक्षा पोट उघडून केलेल्यांमध्ये जास्त स्त्रिया जगल्या. कॅन्सरची शंका असेल तर स्त्री-कर्करोग सर्जन आणि पॅथॉलॉजिस्ट (काढलेला तुकडा तपासणारा डॉक्टर) एकाच छताखाली असलेली जागा शोधावी.

आणखी एक जुनी सवय अजून गेलेली नाही: ‘आता उघडलंच आहे तर’ म्हणून धडधाकट अंडाशयंही काढणं. पाळी जाण्याआधी ती गेली की हाडं आणि हृदय दोन्हींवर परिणाम होतो. संमतीपत्रावर सही करण्याआधी त्यात अंडाशयांबद्दल काय लिहिलंय, ते वाचून घ्या.