समुद्रात दुसऱ्या बोटीला मदत केल्यावर मोबदला : पात्रता, कागदपत्रं आणि मुदत

गळाने मासेमारी करायला पाहुणे घेऊन निघालेल्या चार्टर बोटीच्या तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाला, बंद पडलेली किंवा पाणी भरत चाललेली दुसरी बोट कधी ना कधी भेटतेच. तो आधी दोर टाकतो, कागदांचं किनाऱ्याला लागल्यावर बघू म्हणतो. पण पाहुण्यांचे पैसे परत द्यावे लागले, डिझेल जळलं, दोर बांधायचा खुंटा मुळातून हलला, तर भरपाई मिळणार की नाही हे त्या दोन-तीन तासांत काय नोंदलं गेलं यावर ठरतं. किनाऱ्यावर येऊन आठवून लिहिलेल्या हकिकतीला विमा कंपनी फारशी किंमत देत नाही.

जीव वाचवणं वेगळं, बोट वाचवणं वेगळं

संकटातल्या माणसाला मदत करणं हे कर्तव्य आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा कराराचं कलम ९८ तेच सांगतं, आणि सोलास म्हणजे समुद्रावरच्या जीवितसुरक्षेच्या कराराच्या पाचव्या प्रकरणातला नियम ३३ सुद्धा. अट एकच : स्वतःची बोट, खलाशी आणि प्रवासी यांना गंभीर धोका होता कामा नये. चार्टर बोटीवर ही अट नुसती कागदावरची राहत नाही, कारण लाटांची सवय नसलेली माणसं डेकवर असतात. जाता आलं नाही तर का आलं नाही ते लॉगबुकात, म्हणजे बोटीच्या नोंदवहीत, लिहायचं आणि बचाव केंद्राला कळवायचं. ही नोंद पुष्कळ जण टाळतात. उद्या कुणी प्रश्न विचारला तर बचावाला तीच एक ओळ उभी राहते.

वाचलेल्या माणसाकडून पैसे मागता येत नाहीत. बोट, इंजिन, त्यावरचं सामान वाचवलं तर मात्र सॅल्व्हेजचा, म्हणजे धोक्यातली मालमत्ता वाचवल्याचा, मोबदला मागता येतो. त्याचे नियम १९८९ च्या आंतरराष्ट्रीय सॅल्व्हेज करारात आहेत. तो १४ जुलै १९९६ पासून लागू आहे. ज्या देशांनी तो स्वीकारला आहे तिथल्या कोर्टात किंवा लवादात तो चालतो. त्यात जहाजाची व्याख्या इतकी रुंद आहे की छोटी बोटही तीत बसते. त्याच प्रसंगात एकाने माणसं उचलली आणि दुसऱ्याने बोट ओढली, तर बोटीसाठी मिळणाऱ्या रकमेत माणसं उचलणाऱ्यालाही रास्त वाटा मागता येतो.

दावा कुणाला करता येतो

तीन गोष्टी लागतात. बोट खरोखर धोक्यात असली पाहिजे, मदत आधीच्या कराराने बांधलेली नसली पाहिजे आणि काहीतरी वाचलं पाहिजे. तिसरी अट कडक आहे. दिवसभर ओढून शेवटी बोट बुडालीच, तर सर्वसाधारण नियमाने हाती काही येत नाही. अपवाद आहे तो पर्यावरणाची हानी टाळण्यासाठी केलेल्या कामाचा, पण तो बहुधा मोठ्या जहाजांच्या कामी येतो.

वाद बहुधा पहिल्या अटीवर होतो. शांत पाण्यात, नांगर टाकून उभी असलेली, नुसतं डिझेल संपलेली बोट बंदरात आणली तर ते साधं ओढकाम. त्याचं ठरलेलं भाडं मिळेल. तीच बोट नांगर न धरता खडकाकडे वाहत असेल तर ते सॅल्व्हेज. म्हणून वारा कुठून होता, प्रवाह कुठे नेत होता आणि खडक किती अंतरावर होता, याला पुढे पैशांत किंमत येते.

समोरच्या मालकाने किंवा तांडेलाने स्पष्टपणे आणि रास्त कारणाने ‘मदत नको’ म्हटलं असेल, तर नंतर दावा टिकत नाही. आपल्याच चुकीने काम वाढलं असेल तर मोबदला कमी होतो किंवा जातोही.

दोर टाकण्याआधी

रेडिओच्या १६ नंबर चॅनेलवर बचाव केंद्राला कळवून घटनेचा क्रमांक मागा. मग समोरच्याला सरळ विचारा : हे ठरलेल्या भाड्याचं ओढकाम, की सॅल्व्हेज? उत्तर रेडिओवर आलं तर वेळेसह लिहा, फोनवर रेकॉर्ड झालं तर आणखी बरं. लॉइड्स ओपन फॉर्म या सॅल्व्हेजच्या तयार नमुन्यासारखा करारही चालतो. त्यात रक्कम आधी ठरत नाही, लवाद नंतर ठरवतो. समोरचा बुडायला आलाय म्हणून अवाच्या सवा आकडा कबूल करून घेऊ नका. धोक्याच्या दबावाखाली झालेल्या अन्यायकारक अटी कोर्ट रद्द करू शकतं किंवा बदलू शकतं.

कागदपत्रं

सगळ्यात जड कागद लॉगबुकाचा. नोंद कशी असावी, त्याचा एक नमुना : ‘११:४२, चॅनेल १६ वर हाक. इंजिन बंद, बोटीवर ३ माणसं. वारा नैऋत्येचा, खडक अर्ध्या मैलाच्या आत. १२:१० दोर दिला. १२:२५ दोर तुटला, दुसरा दिला. १४:०५ धक्क्याला लावली.’ एवढं पुरतं. ‘प्रचंड वादळात जिवावर उदार होऊन’ असलं लिहू नका. हवामान खात्याचा त्या दिवसाचा अहवाल समोर ठेवला की उरलेल्या नोंदीवरचाही विश्वास उडतो.

त्याच्या जोडीला जीपीएसचा मार्ग सेव्ह करून ठेवा, प्लॉटर (मार्ग दाखवणारं यंत्र) पुढच्या फेरीत जुना मार्ग पुसू शकतो. तुटलेला दोर फेकू नका. पाहुण्यांनी काढलेले व्हिडिओ आणि दोन-दोन ओळींचे सहीचे जबाब ते धक्क्यावर उतरण्याआधीच घ्या. एकदा गाडीत बसले की फोन उचलत नाहीत. बोटीची नोंदणी, तांडेलाचा परवाना, त्या दिवशीची प्रवासी यादी, डिझेलची बिलं, रद्द झालेल्या बुकिंगच्या परताव्याच्या पावत्या आणि दुरुस्तीचा अंदाज हेही जोडायचे.

विम्याची पॉलिसी मदतीला जाण्याची वेळ येण्याआधीच वाचलेली असावी. ब्रिटनच्या १९०६ च्या सागरी विमा कायद्यात माणसाचा जीव वाचवण्यासाठी ठरलेला मार्ग सोडणं माफ आहे. नुसती मालमत्ता वाचवण्यासाठी सोडलं तर ती सवलत आपोआप मिळत नाही. दुसऱ्या बोटीला ओढणं आपल्या पॉलिसीत बसतं का, ते लेखी विचारून घ्या. पाहुण्यांशी होणाऱ्या करारातही ‘संकटातल्या बोटीसाठी फेरी थांबवली जाऊ शकते’ अशी ओळ घालावी.

अर्ज कुठे आणि कधीपर्यंत

याला सरकारी छापील फॉर्म नसतो. वाचलेल्या बोटीच्या मालकाला आणि त्याच्या विमा कंपनीला दाव्याचं पत्र द्यायचं, सोबत वरच्या कागदांच्या प्रती. पत्रात आकड्यापेक्षा मुद्दे आधी मांडा : वाचलेल्या मालाची किंमत, धोका किती होता, कौशल्य, लागलेला वेळ, झालेला खर्च आणि नुकसान, किती लवकर पोचलात. सॅल्व्हेज कराराचं कलम १३ याच कसोट्या लावतं. बोट आणि मालाची वाचलेली किंमत ही कमाल मर्यादा. तिच्यापुढे मोबदला जात नाही.

वाचलेल्या बोटीवर दाव्याचा बोजा राहतो. समोरच्याने पुरेशी हमी दिली की तो बजावता येत नाही, म्हणून बोट परक्या बंदरात निघून जाण्याआधी लेखी हमी मागा. तडजोड झाली नाही तर लवाद किंवा सागरी दावे चालवणारं कोर्ट. मुदत मदतीचं काम संपल्या दिवसापासून २ वर्षं. ज्याच्यावर दावा आहे तो लेखी देऊन ती वाढवू शकतो. ‘बोलणी चालू आहेत’ एवढ्याने ती वाढत नाही.

मालक, तांडेल आणि खलाशी यांच्यात रक्कम कशी वाटायची ते मदत करणाऱ्या बोटीवर ज्या देशाचा झेंडा त्या देशाचा कायदा ठरवतो. पैसे देताना विमा कंपनी ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहिलेल्या पावतीवर सही मागते. ओढताना ताण आलेल्या आपल्या गिअरबॉक्सची उघडून तपासणी व्हायची असेल, तर ती सही तोवर लांबवा.